इलेक्ट्रिक गाडी रोजच्या वापरात आणि लांबच्या प्रवासात : तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्या ओळखीच्या मंडळींचे फोन मला साधारण तीन वेळा येतात. पहिला फोन गाडी घरी आल्याच्या आठवड्यात येतो, कारण चार्जिंगला लावली की एमसीबी, म्हणजे जास्त भार आल्यावर आपोआप बंद होणारा विजेचा खटका, पडतो. दुसरा येतो पहिले वीजबिल हातात पडल्यावर. तिसरा महामार्गावरच्या एखाद्या चार्जरपाशी उभे राहून केलेला असतो, आणि त्यात मागून मुलांचा आवाज ऐकू येतो. तिन्ही प्रसंगांत चूक त्या क्षणी घडलेली नसते. ती काही दिवस किंवा काही तास आधी घडलेली असते, आणि फोन येतो तेव्हा तिच्यावर फारसा उपाय उरलेला नसतो. म्हणून पुढचे टप्पे कामे प्रत्यक्ष ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने दिले आहेत आणि तो क्रम बदलू नये.

हिशेबासाठी ४५ युनिट बॅटरीची मध्यम आकाराची गाडी आणि पुण्याजवळच्या सोसायटीत राहणारे कुटुंब धरले आहे. बॅटरीची क्षमता ज्या किलोवॅट-तासांत सांगतात, तेच आपल्या वीजबिलावरचे युनिट होय. आपली बॅटरी लहानमोठी असेल तर आकडे त्या प्रमाणात बदलून घ्यावेत.

टप्पा १ : गाडी ताब्यात घेण्याआधी घरच्या विजेची सोय

पहिला प्रश्न कोणती गाडी घ्यावी हा नाही. आपल्या पार्किंगच्या जागेपर्यंत आपल्याच मीटरची वीज पोहोचते का, हा आहे. सोसायटीत राहत असल्यास मीटर रूमपासून पार्किंगपर्यंतचे अंतर पावलांनी न मोजता टेपने मोजावे, केबल कोणत्या भिंतीवरून जाईल ते वायरमनला सोबत घेऊन पाहावे, आणि त्या मार्गाच्या साध्या रेखाटनासह समितीकडे लेखी अर्ज द्यावा. नुसते ‘चार्जर बसवायचा आहे’ असे पत्र दिले की समितीला आगीची, सामाईक विजेची आणि भिंतीला पडणाऱ्या भोकांची चिंता एकदमच वाटू लागते. त्याऐवजी अर्जात मीटर कोणाचा, केबल किती जाडीची, सुरक्षेचे खटके कोणते आणि खर्च कोणाचा, ही चार उत्तरे आधीच असली की बैठक लवकर आटोपते. घरी किंवा कार्यालयात असलेल्याच वीजजोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज करण्याची मुभा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट दिलेली आहे. अर्जाला त्या सूचनांची प्रत जोडावी.

यानंतर वीजबिलावरचा ‘मंजूर भार’, म्हणजे आपल्या जोडणीवर एका वेळी किती किलोवॅट ओढता येतात तो आकडा, पाहावा. गाडीसोबत मिळणारा छोटा चार्जर पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर चालतो आणि सुमारे ३ किलोवॅट ओढतो. भिंतीवर बसवायचा चार्जर सात-सव्वासात किलोवॅटचा, म्हणजे ३२ अँपिअरचा असतो. गीझर, एसी आणि हा चार्जर एकाच वेळी चालू झाले तर अनेक घरांचा मंजूर भार ओलांडला जातो. भार वाढवून घेणे हे अर्ज करून मिळणारे साधे काम आहे, पण त्याला वेळ लागतो; म्हणून ते गाडीच्या नोंदणीसोबतच सुरू करावे.

मोठा चार्जर खरोखर लागतो का, याचाही विचार करावा. रोज ५० किलोमीटर चालणारी गाडी शहरात सुमारे ७ युनिट खाते आणि पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर तेवढी वीज पावणेतीन-तीन तासांत भरून निघते. ज्याची गाडी रात्री आठ तास उभी असते, त्याला भिंतीवरच्या चार्जरची गरज नसते. ज्यांना दिवसाला शंभराहून जास्त किलोमीटर पडतात, किंवा ज्यांच्या घरी दोन इलेक्ट्रिक गाड्या आहेत, त्यांनीच मोठ्या चार्जरचा खर्च करावा, असे माझे मत आहे. विक्रेता तो फुकट देत असला तरी त्यासाठी लागणारी जाड केबल फुकट नसते.

वायरमनला सांगायच्या गोष्टी नेमक्या असाव्यात. मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र लाइन असावी, तिच्यावर दुसरे काहीही नसावे. पंधरा अँपिअरच्या पॉइंटसाठी निदान ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असावी. अंतर चाळीस-पन्नास मीटरच्या पुढे गेल्यास त्याहून जाड वायर घ्यावी, नाहीतर शेवटच्या टोकाला व्होल्टेज पडते. मोठ्या चार्जरला निदान ६ चौरस मिलिमीटरची वायर लागते आणि लांब अंतराला १० ची. लाइनवर स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका, हवा. सॉकेट घरगुती प्रकारचा स्वस्त न घेता चांगल्या प्रतीचा किंवा औद्योगिक निळा घ्यावा, कारण इस्त्रीसारखी उपकरणे काही मिनिटे चालतात, आणि गाडी मात्र सलग आठ-दहा तास पूर्ण भाराने वीज ओढत राहते.

अर्थिंगकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि सर्वाधिक अडचणी तिथूनच येतात. चार्जर सुरू होण्याआधी अर्थिंग तपासतो आणि ते कच्चे असेल तर लाल दिवा दाखवून थांबतो. अशा वेळी लोक चार्जर बिघडला असे समजून सर्व्हिस सेंटरला चकरा मारतात. मल्टिमीटरवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्टेज मोजावे; ते दोन-तीन व्होल्टच्या पुढे जात असेल तर दोष इमारतीच्या अर्थिंगमध्ये शोधावा.

तपासणी : नव्या पॉइंटवर पहिल्यांदा चार्जिंग लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगच्या मागच्या प्लॅस्टिकवर हात ठेवून पाहावा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर चार्जिंग ताबडतोब बंद करावे. आमच्या इमारतीतल्या एका जुन्या पॉइंटचे झाकण उघडले तेव्हा फेजच्या पट्टीभोवतीचे पांढरे प्लॅस्टिक चहाच्या डागासारखे तपकिरी झाले होते आणि वायरचा स्क्रू बोटाने फिरत होता. सैल स्क्रू हेच त्याचे कारण होते. दर सहा महिन्यांनी मुख्य खटका बंद करून हे स्क्रू वायरमनकडून आवळून घ्यावेत.

इशारा : एक्स्टेन्शन बोर्ड कितीही जाड वायरचा असला तरी गाडीसाठी वापरू नये. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडलेली वायर तर अजिबात नको.

टप्पा २ : पहिला महिना – आपल्या गाडीचा खरा खप काढणे

जाहिरातीतला पल्ला प्रयोगशाळेतल्या ठरीव चाचणीत मोजलेला असतो. प्रत्यक्षात त्याच्या साठ ते पंच्याहत्तर टक्के मिळतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. तरीही एक चूक राहतेच, ती म्हणजे डॅशबोर्डवर दिसणाऱ्या ‘उरलेल्या किलोमीटर’वर विश्वास ठेवण्याची. हा आकडा गाडी अलीकडच्या चालवण्यावरून काढते. आठवडाभर गाडी कोथरूड ते शिवाजीनगर अशी रांगत गेली असेल, तर ती शहरी खपावरून मोठा आकडा दाखवते आणि महामार्गावर चढल्यावर तोच आकडा झराझरा खाली येतो.

म्हणून पहिल्या महिन्यात किलोमीटरचा आकडा बाजूला ठेवून बॅटरीच्या टक्क्यांचा हिशेब शिकावा. आपल्या ४५ युनिट बॅटरीत १ टक्का म्हणजे ०.४५ युनिट. एका युनिटमागे गाडी शहरात साडेसात किलोमीटर जात असेल तर टक्क्यामागे साधारण ३.४ किलोमीटर पडतात. महामार्गावर ताशी ८५ च्या वेगाने एका युनिटला ६ किलोमीटर मिळाले तर टक्क्यामागे २.७ उरतात. शंभरच्या वर गेल्यावर हा आकडा आणखी घसरतो, कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि ताशी ८० ऐवजी १०० ने जाताना प्रत्येक किलोमीटरला त्या रोधापायी दीडपटीहून अधिक ऊर्जा लागते. आपले हे दोन आकडे, शहराचा आणि महामार्गाचा, स्वतः मोजून वहीत लिहून ठेवावेत. पुढचे सगळे नियोजन त्यांच्यावर उभे आहे, आणि शेजाऱ्याच्या गाडीचे आकडे आपल्या उपयोगाचे नाहीत.

एसीचा खर्च लोकांना वाटतो त्याहून कमी आणि वेगळ्या प्रकारचा असतो. तो किलोमीटरवर नाही, तासांवर चालतो. उन्हाळ्यात एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट घेतो. म्हणजे महामार्गावर तासाला ८० किलोमीटर कापताना त्याचा भार जाणवत नाही. पुण्याच्या चांदणी चौकातल्या कोंडीत तास गेला तर मात्र तेवढेच युनिट काही अंतर न कापता जातात. एसी बंद करून घामाघूम होण्यापेक्षा वेग दहाने कमी करावा, त्यात अधिक वाचते.

टप्पा ३ : रोजच्या चार्जिंगची शिस्त आणि वीजबिल

रोज १०० टक्के भरायचे की ८० टक्के, हा वाद बॅटरीच्या रसायनावर अवलंबून आहे. लिथियम-आयर्न-फॉस्फेट, म्हणजे एलएफपी प्रकारच्या बॅटरीला ठरावीक काळाने संथ चार्जिंगवर पूर्ण १०० टक्के भरणे आवश्यक असते, कारण त्याशिवाय गाडीच्या यंत्रणेला उरलेल्या चार्जचा नेमका अंदाज येत नाही आणि सगळे सेल एका पातळीवर येत नाहीत. निकेल-मँगनीज-कोबाल्ट, म्हणजे एनएमसी प्रकारात रोजच्या वापराला ८० टक्क्यांची मर्यादा बरी आणि प्रवासाच्या आदल्या रात्रीच १०० टक्के भरावे. आपल्या गाडीत कोणती बॅटरी आहे आणि पूर्ण भरण्याची वारंवारता किती, हे सोबतच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. तेच प्रमाण मानावे.

बॅटरी वारंवार शून्याच्या जवळ नेणे आणि १०० टक्के भरून उन्हात दिवसचे दिवस उभी ठेवणे, या दोन्ही सवयी टाळाव्यात. रोज थोडे-थोडे भरले तर बॅटरी खराब होते, ही समजूत मात्र चुकीची आहे. वीस ते ऐंशीच्या दरम्यान रोज भरणे तिला मानवते.

आता बिल. महिन्याला हजार किलोमीटर चालवल्यास सुमारे १४० युनिट बॅटरीतून जातात आणि चार्जिंगमधली गळती धरून मीटरवर साधारण १६० पडतात. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे : १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे. आधी २५० युनिट वापरणारे घर गाडीमुळे ४१० वर जाते आणि वरचे ११० युनिट तिसऱ्या टप्प्याच्या दराने लागतात. त्यामुळे गाडीचा खर्च काढताना बिलाला एकूण युनिटांनी भागून सरासरी दर लावू नये. गाडी येण्याआधीचे बिल आणि नंतरचे बिल यांतला फरक हाच गाडीचा खर्च. तो फारच वाढत असेल तर चार्जिंगसाठी वेगळ्या दरवर्गातली स्वतंत्र जोडणी घेण्याचा पर्याय आहे. मात्र तिचा स्थिर आकार धरून गणित मांडावे.

स्मार्ट मीटर बसलेल्या घरांनी आणखी एक गोष्ट पाहावी. रात्रीची वीज स्वस्त, असे आपण गृहीत धरतो. राज्यातल्या घरगुती टीओडी, म्हणजे वेळेनुसार दर लावणाऱ्या, मीटरवरची सवलत २०२५ पासून दिवसा, सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत दिली जाऊ लागली. ज्यांची गाडी दुपारी घरीच असते त्यांनी रात्री बाराचा टायमर लावण्याआधी आपल्या बिलावरच्या वेळा वाचून घ्याव्यात.

टप्पा ४ : प्रवासाची आखणी

घरी बसून, निघण्याच्या दोन दिवस आधी करायचे हे काम आहे. उदाहरणासाठी पुणे ते सावंतवाडी हा रस्ता घेऊ : कराड, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली असा सुमारे ३८० किलोमीटरचा.

महामार्गावर टक्क्याला २.७ किलोमीटर या हिशेबाने १०० टक्क्यांवर निघालेली गाडी २३० किलोमीटरवरच्या कोल्हापूरला १५ टक्क्यांवर पोहोचते. कागदावर हे जमते आणि नवखे लोक नेमके हेच ठरवतात. मधला एक थांबा वाचला याचा आनंद असतो. पण कोल्हापुरातला तो चार्जर बंद निघाला, किंवा त्याच्यापुढे दोन गाड्या असल्या, तर १५ टक्क्यांत शहरातल्या गर्दीतून दुसरा चार्जर शोधत फिरणे उरते. त्याऐवजी १६० किलोमीटरवरच्या कराडला, ४१ टक्क्यांवर थांबावे. तिथला चार्जर बंद असला तरी पुढे शंभराहून अधिक किलोमीटरचा पल्ला हाताशी असतो, म्हणजे कोल्हापूर आवाक्यात राहते. नियम एवढाच की ठरवलेल्या चार्जरवर पोहोचताना त्याच्यापुढच्या पर्यायी चार्जरपर्यंत जाऊन १० टक्के उरतील एवढी बॅटरी असलीच पाहिजे, आणि हा पर्यायी चार्जर दुसऱ्या कंपनीचा असावा. एका कंपनीचे ॲप किंवा सर्व्हर बसला की तिचे ओळीने सगळे चार्जर बसतात.

कराडला ४१ वरून ८० टक्के, म्हणजे साडेसतरा युनिट भरायला ६० किलोवॅटच्या चार्जरवर सरासरी ४० किलोवॅट धरून अर्धा तास पुरतो. नाश्त्याला तेवढा वेळ जातोच. तिथून ७२ किलोमीटरवर कोल्हापूर ५३ टक्क्यांवर येते. तिथे ८५ पर्यंत भरून घ्यावे, कारण निपाणी सोडून आजऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर जलद चार्जर विरळ होतात. पुढच्या १५० किलोमीटरना ५६ टक्के लागतात आणि सावंतवाडीला ३० च्या आसपास शिल्लक राहते.

आठ-दहा लहान थांबे घेऊ नयेत आणि एकच मोठाही घेऊ नये. जलद चार्जिंग ८० टक्क्यांनंतर मुद्दाम मंदावते. ८० ते १०० ला बहुधा २० ते ८० एवढाच, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. पुढे चार्जर नाहीत अशाच ठिकाणी ८० च्या वर बसून राहावे.

चार्जर निवडताना नकाशावरचे हिरवे ठिपके पुरेसे नसतात. प्लगशेअरसारख्या ॲपवर त्या चार्जरवर शेवटचे यशस्वी चार्जिंग कधी झाले ते पाहावे. गेल्या दोन-चार दिवसांतली नोंद असेल तरच त्याला मुख्य थांबा करावे. त्याची क्षमताही नीट वाचावी. १२० किलोवॅट लिहिलेल्या यंत्राला दोन गन, म्हणजे गाडीत खोचायची केबलची तोंडे, असतात आणि दोन्हींवर गाड्या असताना प्रत्येकीला बहुधा ६० च मिळतात. काही ठिकाणी नुसतेच ‘चार्जिंग स्टेशन’ लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात तिथे तासाला ३ युनिट देणारा पॉइंट निघतो. आपल्याला जलद डीसी चार्जिंगसाठी सीसीएस-२ प्रकारची गन हवी, एवढे ध्यानात ठेवावे.

तपासणी – निघण्याच्या आदल्या रात्री : निदान दोन, शक्यतो तीन कंपन्यांची ॲप उतरवून, मोबाइल क्रमांकाची पडताळणी करून, गाडीची नोंद करून प्रत्येकात पाचशे ते हजार रुपये भरलेले असावेत. टायरमधली हवा दाराच्या चौकटीवरच्या तक्त्याप्रमाणे भरलेली असावी. गाडीला स्टेपनी आहे की केवळ पंक्चरचे किट, हे डिकी उघडून पाहावे. पुष्कळांना ते पंक्चर झाल्यावर कळते. सोबतचा छोटा चार्जर डिकीत असावा. सॉफ्टवेअर अपडेट आले असेल तर ते प्रवासाहून परतल्यावर करावे.

ॲपचा आग्रह मी अनुभवाने धरतो. एका घाटाखालच्या चार्जरवर गाडी लावल्यावर नवीन ॲप उतरवायला गेलो, तर ओटीपी येण्याइतके नेटवर्क तिथे नव्हते. फोन हातात वर धरून मी हॉटेलच्या गच्चीपर्यंत गेलो, ओटीपी आला, तोवर त्याची मुदत संपली होती. पाऊण तास गेला आणि दोष ना गाडीचा होता ना चार्जरचा.

टोलविषयी थोडक्यात : महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणानुसार मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी आहे. फास्टॅगवर गाडी इलेक्ट्रिक म्हणून नोंदलेली आहे ना ते पाहावे आणि नाका ओलांडल्यावर संदेश वाचावा. पुणे-कोल्हापूर मार्ग या यादीत नाही.

टप्पा ५ : चार्जरपाशी कामाचा क्रम

१. गाडी लावण्याआधी यंत्राचा पडदा पाहावा. तो काळा असेल किंवा त्यावर दोष दाखवत असेल तर लाल आणीबाणीचे बटण कोणी दाबून ठेवले आहे का ते तपासावे. पुष्कळदा तेच कारण असते. बटण बाणाच्या दिशेने फिरवले की वर येते आणि यंत्र मिनिट-दोन मिनिटांत जागे होते.

२. गाडी ‘पी’ मध्ये घालून पूर्ण बंद करावी. गनच्या तोंडात पाणी, चिखल किंवा किडे नाहीत ना ते पाहून मगच ती लावावी.

३. गन लावल्यावर हात लगेच सोडू नये. डीसीची केबल जड असते, तिच्या वजनाने गन खाली झुकते, आतल्या पिना नीट टेकत नाहीत आणि संपर्क तुटल्याचा संदेश येतो. गन खालून हाताने किंचित उचलून धरावी आणि कुलूप लागल्याचा ‘टक्’ आवाज ऐकू आल्यावरच सोडावी. ‘चार्जर चालत नाही’ या तक्रारींपैकी बऱ्याच एवढ्यानेच मिटतात.

४. ॲपवर गनचा क्रमांक तपासून चार्जिंग सुरू करावे. घाईत शेजारची गन सुरू केली जाते आणि पैसे अडकतात. युनिटचा दर करासह आहे की कर वेगळा, तेही याच वेळी पाहावे.

५. चहाला जाण्याआधी तीन मिनिटे थांबावे. यंत्रावर आणि गाडीत, दोन्हीकडे किलोवॅटचा आकडा दिसला पाहिजे. सुरुवातीच्या दोन मिनिटांतच बहुतेक बिघाड होतात आणि लोक तोवर हॉटेलात बसलेले असतात.

६. संपवताना आधी ॲपवरून थांबवावे, मग गाडी किल्लीने अनलॉक करावी, आणि कुलूप सुटल्याचा आवाज आल्यावर गन सरळ ओढावी. क्रम चुकला की गन अडकते. अडकलीच तर गाडी दोन-तीनदा लॉक-अनलॉक करावी. तरीही सुटली नाही तर हाताने सोडवण्याची दोरी कुठे आहे ते पुस्तिकेत दिलेले असते. ती जागा घरीच पाहून ठेवावी.

पहिला प्रयत्न फसला तर गन काढून, गाडी लॉक करून मिनिटभर थांबावे आणि पुन्हा लावावी. दुसऱ्यांदा फसला तर दुसरी गन वापरावी. तिसऱ्यांदाही फसला तर पर्यायी चार्जरकडे निघावे. मदतवाहिनीशी बोलत तासभर तिथे उभे राहण्यात काही हशील नाही.

इशारा : गन जोराने हिसकावू नये. तुटलेले कुलूप गाडीचे असेल तर पुढचे सगळे चार्जर आपल्यासाठी बंद.

टप्पा ६ : घाट

चढाचे गणित साधे आहे. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत रस्ता सुमारे ५५० मीटर उंच चढतो. माणसे-सामानासह १,९०० किलो वजनाच्या गाडीला एवढी उंची गाठायला, मोटरमधली गळती धरून, सव्वातीन युनिट लागतात. आपल्या बॅटरीत ते सुमारे ७ टक्के झाले आणि ते नेहमीच्या खपाच्या वर लागतात. मुंबईहून येताना बोरघाटात टक्के भराभर उतरताना पाहून घाबरू नये. पण हे ७ टक्के आधी हिशेबात धरलेले असावेत. उतरताना मोटर गाडीला रोखत वीज निर्माण करते आणि ती बॅटरीत जाते; त्यामुळे यातले निम्म्याहून थोडे अधिक परत मिळतात, सगळे कधीच नाही.

यावरून परतीच्या प्रवासातली हमखास चूक कळते. सावंतवाडीला जाताना आंबोलीच्या उताराने काही टक्के परत दिलेले असतात. येताना तोच घाट चढायचा असतो आणि सुमारे ६०० मीटरच्या चढाला ८ टक्के जास्तीचे लागतात. म्हणजे जाताना ५६ टक्क्यांपेक्षा कमीत झालेले कोल्हापूर-सावंतवाडी अंतर येताना ६४ पर्यंत जाते. ‘जाताना एवढेच लागले होते’ हा हिशेब घाटाच्या रस्त्याला लावू नये आणि परतताना सावंतवाडीतून निदान ८५ टक्क्यांवर निघावे.

इशारा : डोंगरमाथ्यावरच्या मुक्कामी १०० टक्के भरून लगेच घाट उतरू नये. महाबळेश्वर-पाचगणीला हॉटेलात रात्रभर चार्जिंग लावून सकाळी पसरणी घाट उतरणारे हीच चूक करतात. बॅटरीत जागाच नसल्यामुळे उतारावर निर्माण होणारी वीज साठवता येत नाही, मोटरचा सवयीचा रोध मिळत नाही, आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. वर ८५-९० टक्क्यांवर थांबवावे. वाईपर्यंत त्यात भरच पडलेली असते.

टप्पा ७ : मुक्कामाच्या ठिकाणचे चार्जिंग

खोली आरक्षित करताना ‘चार्जिंग आहे का’ असे विचारू नये. उत्तर नेहमी ‘आहे’ असेच येते आणि ते मोबाइलचे असते. पार्किंगपासून पाच मीटरच्या आत पंधरा अँपिअरचा पॉइंट आहे का आणि त्याला अर्थिंग आहे का, असे विचारून त्याचा फोटो मागवावा. रात्रीच्या दहा तासांत त्यावर सुमारे २५ युनिट, म्हणजे निम्म्याहून अधिक बॅटरी भरते. चार्जरवर प्रवाह कमी-जास्त करण्याची सोय असेल तर जुन्या वायरिंगच्या घरांत तो १० अँपिअरवर ठेवावा. पहाटे गीझर सुरू झाले की एमसीबी पडतो, म्हणून झोपण्याआधी एकदा आणि उठल्यावर लगेच एकदा पाहावे. जनरेटरवर चार्जिंग लावू नये. वापरलेल्या युनिटांचे पैसे आपणहून द्यावेत; कोकणातल्या घरगुती निवासांत पुढच्या गाडीवाल्याला पॉइंट मिळतो तो यामुळेच.

टप्पा ८ : पावसाळा आणि लांबचा मुक्काम

बॅटरीला आयपी-६७ मानांकन आहे, म्हणून पाण्यातून गाडी घालणारे दरवर्षी दिसतात. हे मानांकन स्थिर, स्वच्छ पाण्यात १ मीटर खोलीवर ३० मिनिटे बुडवून केलेल्या चाचणीचे असते. पुरातल्या वाहत्या, गढूळ पाण्याशी, किंवा चार वर्षे खड्ड्यांत आपटलेल्या गाडीच्या सीलशी त्याचा संबंध नाही. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी असेल तर थांबावे. पावसात सार्वजनिक चार्जरवर चार्जिंग करायला हरकत नाही. घरचा पॉइंट मात्र छपराखाली आणि जमिनीपासून चार फूट उंच असावा. विजा कडाडत असतील तर खटका बंद करावा.

गाडीखाली मोठा दगड किंवा उंच गतिरोधक लागला असेल तर चार्जिंगला लावण्याआधी खालचे आवरण दाखवून घ्यावे.

पंधरा दिवस गावाला जाताना गाडी ५०-६० टक्क्यांवर ठेवावी. मोठी बॅटरी तेवढ्या काळात फारशी उतरत नाही. उतरते ती लहान १२ व्होल्टची, जिच्यावर दारे, पडदा आणि मुख्य बॅटरी जोडणारा खटका चालतो. ती संपली की ६० टक्के चार्ज असलेली गाडी उघडतसुद्धा नाही. किल्लीच्या आत लपवलेली धातूची किल्ली आणि दाराच्या मुठीजवळची तिची जागा घरच्या सगळ्यांना एकदा दाखवून ठेवावी.

टप्पा ९ : बॅटरी संपत आली तर

पाच टक्के उरले आणि चार्जर सात किलोमीटरवर असेल तर वेग ताशी ४० वर आणावा, एसी बंद करावा आणि सरळ तिकडे जावे. मध्ये दुसरा चार्जर शोधत वळणे घेऊ नयेत. अंतर त्याहून बरेच जास्त असेल तर गाडी पूर्ण थांबण्याची वाट न पाहता एखादा धाबा, पेट्रोल पंप किंवा वेल्डिंगचे दुकान गाठून पंधरा अँपिअरचा पॉइंट मागावा. वेल्डिंगवाल्याकडे जाड वायरिंग हमखास असते, आणि अर्थिंग पक्के असेल तर तासाभरात पंधरा-सोळा किलोमीटरची सोय होते.

ओढून न्यायची वेळ आली तर दोरीने ओढू देऊ नये. मोटरला जोडलेली चाके जमिनीवर फिरत राहिली की मोटर वीज निर्माण करते आणि यंत्रणा जळू शकते. कंपनीच्या रस्त्यावरील मदतसेवेला फोन करतानाच ‘चारही चाके वर घेणारी सपाट गाडी पाठवा’ असे स्पष्ट सांगावे. नुसते ‘टोइंग पाठवा’ म्हटले की पुढची चाके उचलून मागची जमिनीवर फिरवणारी क्रेन येते, आणि मागच्या चाकांना मोटर असलेल्या गाडीला ती चालत नाही. मग तिला परत पाठवून दुसरी मागवण्यात आणखी दोन तास जातात.